मी ओतलेला दात

मॅडमनी पडद्यावर माझ्या जबड्याचा एक्स-रे लावला, थोडा वेळ बघितला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, हा पुढचा दात कुणी बसवलाय?"

"मी," मी म्हटलं.

"तसं नाही. कुठल्या डॉक्टरांनी?"

"मीच, मॅडम. घरी. फायबरमध्ये ओतला."

त्यांच्या तोंडावर मास्क होता, पण मास्कच्या वर डोळे मोठे झालेले मला दिसले. बाजूला बसलेली माझी बायको सुलभा पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघायला लागली. पुढे मॅडम जे बोलल्या ते ऐकून तिचा पदर खाली आला.

दाताच्या मुळाशी, हाडाच्या आत, सिस्ट झाली होती. सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. ती गुपचूप वाढते, बराच काळ दुखतही नाही, आणि वाढताना आजूबाजूचं हाड पोखरत जाते. एक्स-रेमध्ये माझ्या नाकाखाली सुपारीएवढी काळी सावली होती.

"अशीच ठेवली तर बाजूचे दोन दातही जातील," मॅडम म्हणाल्या. "हा तर गेल्यातच जमा आहे."

हे वाचताना ज्यांची जीभ आपोआप आपल्या एखाद्या किडक्या दाताकडे गेली असेल, त्यांच्यासाठीच मी हे लिहितोय. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचावं, हरकत नाही.

आम्ही पेणजवळच्या हमरापूरचे. घरात गणपतीचा कारखाना. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंग, दागिने, ही कामं घरातले सगळे करतात. माझं काम आखणीचं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. डोळ्यांशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही, त्यामुळे घरात मला जरा जास्तच मान होता आणि मी तो पुरेपूर वसूल करायचो.

डोळा काढताना माझी एक सवय आहे. खालचा ओठ मी वरच्या पुढच्या दाताखाली दाबून धरतो. ओठ धरला की श्वास थांबतो, श्वास थांबला की हात थांबतो, आणि मग कुंचला एका दमात फिरतो. तो नेमका हाच दात.

तो मोडला कसा, तर पकड सापडत नव्हती म्हणून मूर्तीच्या हातात घालायची तार मी दातात धरून वाकवली. तार वाकली. दात अर्धा मोडला. दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. आम्ही साचेवाले. मी उरलेल्या दाताचं रबरात माप घेतलं, देखाव्याच्या पुतळ्यांना वापरतो त्या फायबरचा तुकडा ओतला, घासला, रंगवला आणि झटपट चिकटणाऱ्या डिंकाने बसवला. सुटला की पुन्हा बसवायचो. लग्नाकार्यात लोक जवळ येऊन बघायचे आणि त्यांना ओळखता यायचं नाही. मी तर पाहुण्यांना पैज लावायचो. आत मूळ मरत होतं आणि वर मी पैजा जिंकत होतो.

डॉक्टरकडे न जाण्याचं आणखी एक कारण होतं, आणि तेही माझ्याच हातचं.

रोह्याला माझी मोठी बहीण, बेबीताई, राहते. तिच्या आळीतल्या मंडळासाठी मी पूर्वी एक हलता देखावा केला होता, दाताच्या डॉक्टरचा. खरा दाताचा डॉक्टर मी तोवर पाहिलेला नव्हता. पण सिनेमात आणि नाटकात भरपूर पाहिला होता. तिथे तो नेहमी खाटकासारखा असतो, आणि पेशंट गालाला फडकं बांधून बोंबलत असतो. मी तसाच केला. बटाट्यासारखे डोळे, हातात स्वयंपाकघरातली सांडशी, मोटर लावली की डॉक्टर ओढायचा आणि पेशंटचे पाय वर जायचे. तोबा गर्दी झाली. पोरं रडली, मोठी माणसं हसली. ताईची दाढ तेव्हा ठणकत होती आणि ती डॉक्टरकडे जायच्या तयारीत होती. देखावा बघून तिने बेत रद्द केला. "मरेन पन जायची नाय," म्हणाली, आणि तेव्हापासून मिश्री आणि लवंग यांवर दिवस काढत होती.

मी तेव्हा ही माझ्या कलेला मिळालेली पावती समजलो होतो.

तर गणपती विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात माझा वरचा ओठ सुजला. सुलभाने आरसा पुढे धरला. "अवो, बघा जरा. सोंड तेवढी यायची राहिलीय." दुपारी तिने मला पेणला, रामवाडीच्या दाताच्या दवाखान्यात आणून बसवलं. पळून जाऊ नये म्हणून दाराच्या बाजूला स्वतः बसली.

आधी औषधांनी सूज उतरवली. मग सीबीसीटी स्कॅन झाला. यात आपण उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि जबड्याचं चारी बाजूंनी चित्र येतं. फिरत्या पाटावर मूर्ती फिरवून बघावी तसा मॅडमनी माझा जबडा पडद्यावर फिरवला. मूळ उभं चिरलेलं होतं. रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतली नस साफ करून दात वाचवणं, इथे चालणार नव्हतं.

त्यांनी सगळं समजावलं. दाताचं मूळ आणि सिस्ट काढायची, पोकळीत बोन ग्राफ्ट भरायचं, हाड भरून आलं की इम्प्लांट बसवायचं. मी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, मग मी ओठ कशाखाली धरू?"

मला सगळी सवय सांगावी लागली. त्या हसल्या नाहीत. "आखणीचा सीझन कधी सुरू होतो?"

"जेठात."

"तोवर दात देण्याचा प्रयत्न करते. हाडाने साथ दिली पाहिजे. आणि मधल्या काळात तुम्ही काही करायचं नाही."

"काही म्हणजे?"

"ओतायचं नाही."

ऑपरेशनच्या दिवशी खुर्चीत मी डोळे मिटले तर समोर मीच केलेला तो डॉक्टरचा पुतळा, सांडशीसकट. मी घाबरून डोळे उघडले. समोर मॅडमचे डोळे होते. मास्क, टोपी, आणि मध्ये फक्त डोळे. त्यांनी हिरडीला आधी बधिर करणारं जेल लावलं, मग इंजेक्शन इतकं सावकाश दिलं की मी कधी टोचताय म्हणून विचारलं तेव्हा सुई बाहेर आली होती. पुढे दुखलं नाही. दाबल्यासारखं वाटलं, आवाज आले. प्रत्येक आवाजाआधी त्या सांगायच्या, "आता जरा खरखर होईल." मग मी ते डोळेच बघत राहिलो. काम अवघड आलं की ते बारीक व्हायचे आणि डावी भुवई किंचित वर जायची. अवघड जागा पार पडली की कडांना सुरकुत्या पडायच्या. जन्मभर डोळे काढले, पण कुणाचे इतका वेळ, इतक्या जवळून बघितले नव्हते.

बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाचा बारीक चुरा. तो भरला की आपलं हाड त्याचा आधार घेऊन वाढतं. काढलेली पिशवी बायोप्सीला पाठवली. बायोप्सी म्हणजे तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, त्यात काही वाईट नाही ना याची खात्री करणं. तंबाखू सोडून मला जमाना झाला होता, पण रिपोर्ट येईपर्यंत खाल्लेली प्रत्येक चिमूट आठवली. सुलभा रोज मऊ भात करायची आणि मी गिळेपर्यंत समोर बसायची.

रिपोर्ट साधा आला. मॅडम फोनवर "साधी सिस्ट आहे, काका" म्हणाल्या, तेव्हा मला "साधी" हा शब्द इतका आवडला की मी त्यांना तो पुन्हा म्हणायला लावला.

आता हाड भरायची वाट बघायची होती. दिसायला बरं म्हणून काढता-घालता येणारा तात्पुरता दात मिळाला. तेवढ्यात माघी गणपतीच्या मूर्ती आखणीला आल्या. मी बसलो, ओठ धरला, दात ओठाबरोबर सरकला आणि कुंचला भरकटला. बाप्पाचा एक डोळा भक्ताकडे आणि दुसरा हातातल्या मोदकाकडे. पुसून पुन्हा काढला. या वेळी उंदराकडे.

सुलभाने ओल्या फडक्याने डोळा पुसला, माझ्या हातातून कुंचला घेतला आणि खाली बसली. ती वर्षानुवर्षं दागिने रंगवणारी, हात पक्का. हळूहळू काढले, पण सरळ काढले. माघीच्या सगळ्या मूर्ती तिनेच पुऱ्या केल्या. मला बाप्पाची नखं दिली. "ती तरी सरळ काढा," म्हणाली. मूर्ती गेल्या, पूजा झाल्या, आणि डोळे दुसऱ्या हातचे आहेत हे एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही. इंजेक्शनपेक्षा हे जास्त टोचलं. दात आला तरी हात येईल का, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला आणि मुक्कामाला राहिला.

हाड भरून आल्यावर इम्प्लांट बसवलं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा बारीक स्क्रू, दाताच्या मुळाच्या जागी. टायटॅनियमला हाड परकं मानत नाही, उलट त्याला घट्ट धरून वाढतं. या धरण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. एक शास्त्रज्ञ हाडांचा अभ्यास करत होता आणि हाडात ठेवलेलं टायटॅनियमचं यंत्र निघता निघेना, त्यातून हा शोध लागला म्हणे. मला तो माणूस आपल्यातला वाटला. फरक एवढाच, की त्याची चिकटलेली वस्तू चिकटून राहिली.

हाडाने स्क्रू धरेपर्यंत पुन्हा थांबायचं. "मूर्ती वाळू द्या, घाई नको" असं जन्मभर गिऱ्हाइकांना सांगणारा मी, मॅडमना दर आठवड्याला फोन करायला लागलो. एकदा त्या म्हणाल्या, "काका, ओल्या मूर्तीला रंग देता का तुम्ही?" मी फोन ठेवला. नंतर केला नाही.

शेवटी दाताचं माप घ्यायचा दिवस आला. मला वाटलं तोंडात लगदा भरून साचा काढतील, त्यात आपण जाणकार. पण त्यांनी पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला आणि समोरच्या पडद्यावर माझे दात एकेक करून उगवले. याला इंट्राओरल स्कॅनर म्हणतात. ना साचा, ना रबर. मी त्या पडद्याला मनातल्या मनात हात जोडले. मग रंगाचे नमुने पुढे आले. मी रुबाबात सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "हा गणपतीच्या दाताचा रंग आहे. तुमचे बाकीचे दात चहा पितात." त्यांनी निवडला तो खरोखरच माझा निघाला.

झिर्कोनियाचा दात, म्हणजे चिनी मातीसारखा दिसणारा पण कितीतरी कणखर, यंत्रावर कोरून आला आणि स्क्रूवर पक्का बसला. जेठ लागला होता.

कारखान्यात मूर्ती रांगेने उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे गेलो नाही. कोपऱ्यात रोह्याच्या मंडळाने पुन्हा रंगवायला पाठवलेला तो जुना दाताचा डॉक्टर पडला होता. आधी याच्यावर हात चालवू, म्हटलं. बिघडला तरी याचं काय बिघडायचं.

मी त्याचे बटाट्यासारखे डोळे घासून सपाट केले. सांडशी काढून हातात बारीक आरसा दिला. मिशी तासली, तोंडावर मास्क चढवला, डोक्यावर टोपी. पेशंटच्या गालाचं फडकं सोडलं. आता फक्त डोळे राहिले. सुलभा हातातलं काम सोडून मागे येऊन उभी राहिली.

मी खालचा ओठ दाताखाली धरला. दात हलला नाही. श्वास थांबला. हात थांबला. कुंचला फिरला, एका दमात, कडेपर्यंत. मग दुसरा डोळा. मग कडांच्या सुरकुत्या, आणि किंचित वर गेलेली डावी भुवई.

"व्हय," सुलभा मागून म्हणाली. "हीच ती."

त्या जेठापासून आमच्या कारखान्यात दोघं डोळे काढतात. एका बाजूने ती, एका बाजूने मी. मध्ये भेटलो की चहा.

भादव्यात रोह्याला देखावा लागला. मोटर लावली की मॅडम फक्त थोड्या पुढे वाकायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या. पोरांना काही मजा आली नाही. "ही तर काही करतच नाय," म्हणून ती पुढच्या मंडळाकडे पळाली. बेबीताई मात्र कितीतरी वेळ समोर उभी होती. गालावर हात, दाढेच्या बाजूला.

"परशा," ती मला म्हणाली, "ही बरी वाटते रे. खरी हाय कुठं?"

"रामवाडीला."

"लय ओरडते का?"

"मी घरी ओतलेल्या दातावर नाय ओरडली. तुझ्यावर काय ओरडेल?"

विसर्जनानंतर मी आणि सुलभा तिला रामवाडीला घेऊन गेलो. आत ताई होती आणि बाहेर मी, गेल्या वर्षीच्याच खुर्चीत, कान दाराकडे लावून. सुलभाने पिशवीतून घरून भाजून आणलेला पोह्याचा पापड काढला. मी तो पुढच्या दाताने मोडला. आवाज एवढा झाला की बसलेले सगळे वळून बघायला लागले. मी आणखी एक तुकडा मोडला.

आतून ओरडण्याचा आवाज आलाच नाही. दार उघडलं. ताई बाहेर आली, अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस. बसायच्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोबड्या आवाजात म्हणाली, "डोळे तेवढे बरोबर काढलेस रे."