बांधावरच्या वाटेला लावलेलं फाटक

नालासोपाऱ्याला पश्चिमेला आम्ही फ्लॅट घेतला तो मागच्या पायवाटेकडे बघून. इमारतीच्या मागून निघून ती भातशेतांच्या बांधावरून गास गावाच्या बाजूला जायची. ह्यांना अर्धांगाचा झटका आला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा हे काठी घेऊन त्याच वाटेने जायचे. शेतावरच्या मावशी हाक मारायच्या, "दादा, पानी पिऊन जा." तेवढ्यासाठी हे आणखी थोडं पुढे चालायचे.

मग सोसायटीच्या चेअरमननी वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. म्हणे बाहेरची माणसं येतात. फाटकाच्या आत त्यांच्याच गाड्या उभ्या राहू लागल्या.

मी चावी मागायला गेले. "वहिनी, भाऊंना गच्चीवर फिरवा की. हवा मस्त असते," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि तापलेली फरशी. हे थोडे दिवस फिरले, मग म्हणाले, "नको गं. कोंडल्यासारखं होतं." खुर्चीत बसले ते बसलेच. पुढे दुसरा झटका आला आणि गेले. फाटकामुळे गेले असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही. मी म्हणते.

चेअरमन भेटायला आले. "काही लागलं तर सांगा," म्हणाले. मी चहा दिला. ते फुंकर घालून चहा पीत होते, तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

महापालिकेने आमच्या भागात बाग आणि चालायची वाट करायला घेतली, लोकांच्या सूचना मागवल्या. मी प्रत्येक बैठकीला गेले, मावशींना आणि गावातल्या बायकांना घेऊन. अधिकारी जागा पाहायला आले तेव्हा चेअरमन म्हणाले, "साहेब, इथे वाट कधी नव्हतीच." तेवढ्यात मावशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून आल्या आणि फाटकाच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

"मंग मी आले कुठून? लगीन होऊन आले तवापासून हीच वाट."

त्यांनी नेमकं कधी यायचं, ते मीच सांगून ठेवलं होतं.

महापालिकेच्या माणसांनी फाटक कापलं त्या दिवशी मी खुर्ची घेऊन खाली बसले. ठिणग्या उडत होत्या आणि चेअरमन गाड्या कुठे लावायच्या म्हणून कोणाकोणाला फोन करत होते. पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. बागेचं दार कुठे ठेवायचं, यावर दोन मतं होती. मी त्यांच्या तळमजल्यावरच्या खिडकीसमोरची जागा लावून धरली. रस्ता जवळ पडतो, म्हाताऱ्यांना सोयीचं, असं सांगितलं. ते खरंच होतं, पण माझं कारण ते नव्हतं. आता रोज पहाटे तिथे हास्यक्लबवाले जमतात आणि पोट धरून हसतात. चेअरमननी जाड पडदे लावले. ते पाहून मला फार बरं वाटलं.

परवा ते नातीला घेऊन बागेत आले. सगळे बाक भरलेले, फक्त माझ्या शेजारी जागा होती. माझ्याकडे बघत ते घुटमळले. "बस गं बाळा," मी पोरीला म्हटलं आणि तिच्या पलीकडे माझी पिशवी ठेवली. पोरगी मला तिच्या शाळेतल्या गमती सांगत राहिली आणि मी तिला एकेक विचारत राहिले, मुद्दाम. ते उन्हात उभेच होते.