डाव्या हाताची बोटं

कॉफीचा टंबलर डाव्या हातातून निसटला. पायावर गरम कॉफी सांडली तेव्हा मला कळलं, बोटांना पत्ताच नव्हता.

आधी वाटलं, हात अवघडला असेल. पण डायलिसिसला बसलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, मग झिणझिण्या. मशीन थांबेपर्यंत मी मूठ चोळत राहायचे.

डायलिसिस सुरू होऊन तेरा वर्षं झाली होती. सुया टोचण्यासाठी उजव्या हाताच्या शिरेत केलेला जोड, फिश्चुला, केव्हाच बंद पडला होता. आता सगळी मदार डाव्यावर. फिश्चुला बोटांचं रक्त ओढून घेत असेल तर तो बंद करावा लागतो, हे मला माहीत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या मामींचा तसाच बंद केला होता. त्यांच्या मानेत नळी बसवली, तिला जंतुसंसर्ग झाला आणि थोड्याच दिवसांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायला लागलं.

नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टरांना सांगूया."

"आणि त्यांनी बंद करा म्हटलं तर?"

त्या दिवसापासून तो रोज सकाळी माझी बोटं हातात घेऊन गार पडलीत का बघायला लागला.

शेवटी सिस्टरनेच विचारलं, "अम्मा, हात दुखतोय का?" मला रडूच फुटलं.

डॉक्टरांनी नखं दाबून पाहिली, नाडी पाहिली, हातातला रक्तप्रवाह आणि नसा तपासायला पाठवलं. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या लॅबपर्यंत रिक्षात नवरा माझी बोटं हातात धरून बसला.

"फिश्चुला उत्तम आहे," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं डायलिसिसवर काढली की एक प्रथिन अंगात साचत जातं. मशीनला ते पुरतं काढता येत नाही. ते तुमच्या मनगटात नस दाबतंय. छोटं ऑपरेशन करून ती मोकळी करता येते. हा त्रास जास्त जगलेल्यांनाच होतो, अम्मा!" ते हसले. मला हसू येईना.

"ऑपरेशन याच हाताचं?"

"याच."

हात बधिर करून मनगटावर छोटीशी चीर घेतली. टाके घालून होताच मी उजव्या हाताने कोपराजवळ चाचपलं. फिश्चुलाची शीर थरथरत होती, म्हणजे रक्त वाहत होतं. बाहेर आल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाले, "चालू आहे."

बोटं हळूहळू जागी झाली. अंगठ्याचं टोक अजून मुकंच आहे. आणि परवापासून, आडवं झालं की डावा खांदा ठणकतो. डॉक्टरांना सांगितलंय; तेच प्रथिन खांद्यातही साचलं असेल, म्हणाले. उद्या एक्स-रे काढायचाय.