अप्पांची झोप

आज दुपारी कडबा कापायच्या मशिनीत पेंढी सरकवता सरकवता अप्पांचा डोळा लागला. आईनं धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून हात वाचला.

"रातभर काय करायलताव मग?" आई ओरडली.

"घाम पुसायलतो," अप्पा हसले. "स्लॅब न्हाई, तवा हाय ह्यो."

मला आमचं जुनं माळवद आठवलं. उन्हाळ्यात दिवस मावळला की त्या मातीच्या छतावर पाणी शिंपडून आम्ही वाकळा अंथरायचो. शेजारच्या माळवदावरून अक्का विचारायच्या, "झोपलाव का गं?" आम्ही उत्तर देईपर्यंत अप्पा घोरायला लागलेले असायचे. पहाटे तर पांघरूण लागायचं.

आता घर पक्कं आहे, पंखा आहे, पण पहाटसुद्धा गार होत नाही. अप्पांचं बीपी वाढलंय. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, पण रात्री झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. घरात पहिली शिकलेली मी, मीही नाही.

संध्याकाळी स्लॅबवर बादलीभर पाणी ओतलं. बघता बघता वाळलं. खालून अप्पा म्हणाले, "अजून एक आण गं, लई तहानलाय ह्यो स्लॅब."

वाढत्या उन्हात आपण पिकांची चौकशी करतो. तुमच्या घरातल्या मोठ्यांना झोप लागते का? आज विचाराल?