तबकडीवरचं ओलं गोणपाट

आणे पठारावर आमच्या कांद्याच्या चाळीला लागून एक खोली आहे. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या लेखी त्या खोलीतली मी 'व्यावसायिक ग्राहक' आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आवरेना. बाहेर कांदा, आत चार संगणक आणि दारात चपलांचा ढीग, असा हा व्यवसाय. पुण्यातल्या एका कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायची आणि विम्याचे दावे भरून द्यायचे. मी आणि गावातल्या तिघी मिळून ते करतो.

आधी जमिनीखालून केबल होती. पण कुणाची पाइपलाइन निघाली की जेसीबी यायचा आणि केबलचा निकाल लागायचा. पुणेकर वैतागले. शेवटी त्यांच्या मॅडमनी सांगितलं, एक दिवस मी पडद्यावर बसून तुमचं काम बघते. लाइन टिकली तर काम तुमचं, नाही तर आम्ही इथेच माणसं घेतो. काम गेलं असतं तर मला लेकीला घेऊन चाकणला जावं लागलं असतं. नवरा तिथे कारखान्यात आहे, त्याने खोलीही बघून ठेवली होती. सासूबाई गेल्यापासून घरात सासरे, म्हणजे आमचे आबा, एकटेच मागे राहिले असते. विषय निघाला की ते म्हणायचे, "जा की. माजं काय, मी हाय हितं." आणि गोठ्याकडे निघून जायचे.

म्हणून उपग्रहाची तबकडी घेतली आणि गच्चीवर बसवली. बसवायला आलेल्या माणसाने आबांना समजावलं, की हे उपग्रह तसे कमी उंचीवरून फिरतात, एक पुढे गेला की दुसरा काम उचलतो. आबा म्हणाले, "म्हंजी आमच्या सावडीसारखंच की. आज तुज्या रानात, उद्या माज्या." एवढं कळल्यावर त्यांना ती तबकडी घरचीच वाटायला लागली. सकाळी उठून खालूनच तिच्याकडे बघून घ्यायचे.

मॅडमचा दिवस उजाडला तो चैत्रातला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मॅडम बोलता बोलता पडद्यावर तशाच थिजल्या, तोंड अर्धं उघडं. आमच्यातल्या एकीला हसू फुटलं. वीज होती, खोलीतल्या इंटरनेटच्या डब्याचे दिवे लागलेले होते. मी धावत शिडीवरून गच्चीवर गेले.

आबा तिथेच उभे होते. तबकडीवर दुहेरी गोणपाट, आणि आबा त्यावर तांब्याने पाणी ओतत होते.

आमच्याकडे जे तापतं त्याच्यावर ओलं गोणपाट पडतं. दुधाचं कॅन असो, प्यायच्या पाण्याचा पिंप असो, नाही तर विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन. आबांनी तबकडीला हात लावून पाहिला असणार.

"आबा, काय केलंत हे!" मी ओरडलेच.

"लई तापलं व्हतं गं. हात ठरत नव्हता."

"तिला उन्हाचं काही होत नाही. तिला आभाळ दिसायला हवं. ओल्या गोणपाटातून तिला काय दिसणार?"

त्यांचा चेहरा उतरला. मी गोणपाट ओढून काढलं, पदराने तबकडी पुसली आणि गच्चीच्या कोपऱ्यात, जिथे मोबाइलला जेमतेम रेंज मिळते तिथून, मॅडमना फोन करून खरं तेच सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. खाली आले तोवर लाइन आली होती. माझ्या मागोमाग आबाही आले आणि टोपी सारखी करून थेट पडद्यासमोर उभे राहिले.

"बाई, चूक माजी हाय. पोरींचा काय दोष न्हाई. तबकडी मीच भिजवली. आता परत हात लावनार न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही बसा. काम चालू द्या." संध्याकाळपर्यंत लाइन एकदाही तुटली नाही. उठताना मॅडम म्हणाल्या, "काम तुमच्याकडेच ठेवू." तिघींनी माझ्या पाठीत धपाटे घातले.

चहा घेऊन मी आबांकडे गेले. ते ओसरीवर गुडघा चोळत बसले होते. देवळाच्या पायऱ्यासुद्धा टाळणारा माणूस. मी विचारलं, "एवढ्या उन्हात पाणी घेऊन शिडी चढलात कशाला?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "तू जाते म्हनली अस्तीस तर मी आडवलं नसतं," ते म्हणाले. "पन यंत्र तापून बंद पडलं, म्हनून तुमी दोगी मायलेकी गेला, आसं नगं व्हतं मला."

माहेराहून आले तेव्हा, असं जपणारं माणूस इथे भेटेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी तिथेच बसून तबकडीच्या नेटवरून नवऱ्याला फोन लावला आणि आबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चाकणची ती खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं मालकाला. आम्ही येत नाही."