काकांनी पकडलेली कराची

वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र गिरगावात पोचायला फारसे कष्ट पडत नसत. शेजारच्या बाईंनी टीव्हीच्या मागे स्वेटर विणायची सुई खोचली होती, आणि त्यांच्याकडे बातम्या देणारीच्या कानातले खडे दिसत. आमच्याकडे मात्र त्याच बाईला दोन नाकं असायची. कारण आमच्याकडे थोरले काका होते.

थोरले काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वाडीतलं जुनं दुमजली घर, त्यात काका, काकी, माझे आईवडील आणि मी. काका-काकींना मूल नव्हतं. काकांचं आयुष्य कोर्टातल्या कारकुनीत गेलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर ते पोथी वाचत बसतील अशी काकीची भाबडी आशा होती. त्याऐवजी त्यांनी लॅमिंग्टन रोडच्या फूटपाथवरून अँटेनांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. त्याची शेवटची पानं फाटलेली होती. त्यामुळे अँटेना सुरू कशी करायची हे काकांना ठाऊक झालं, थांबायचं कधी हे झालं नाही.

दुकानातली अँटेना विकत घेणं हे त्यांच्या मते अडाण्यांचं लक्षण होतं. पहिली अँटेना त्यांनी छत्रीच्या काड्यांची केली. मग पडद्याचे दांडे गेले, आणि रस्त्यावरून आमचं सगळं घर दिसायला लागलं. एकदा काकीची पितळी परात गच्चीवर उन्हात चमकताना सापडली. तिच्या मधोमध त्यांनी भोक पाडलं होतं. त्या दिवसापासून काकीने बाकीची भांडी कुलपात ठेवली.

प्रयोग रविवारी सकाळी व्हायचे. काका गच्चीवर, वडील टीव्हीसमोर आणि मी मधे जिन्यात. काका वरून विचारायचे, "दिसतंय का?" मी तेच वडिलांना विचारायचे, वडील सांगायचे ते वर ओरडायचे. मी तेव्हा दादरच्या एका शाळेत शिकवत होते, आठवडाभर घसा बसलेला असायचा, आणि उरलासुरला आवाज काकांच्या विज्ञानाला वाहायचा. चित्राच्या बाजूला दुसरं चित्र सरकलेलं दिसायचं. काका म्हणायचे, मलबार हिलवरच्या नव्या उंच इमारतींवर लाटा आपटून परत येतात, त्याला कोण काय करणार? त्याच लाटा शेजारणीच्या सुईला का सतावत नव्हत्या, हे मी एकदा विचारलं. काकांनी मला भूगोल शिकवणाऱ्या माणसांनी भूगोलच शिकवावा असं सुनावलं.

समोरच्या इमारतीत एक वकील राहायचे. त्यांनी दुकानातून आणलेली अँटेना गॅलरीला तारेने बांधली होती आणि त्यांना सगळं स्वच्छ दिसायचं. काका गच्चीवर दिसले की ते खालून विचारायचे, आज बोंबील वाळत घालणार की मांदेली. वकिलांचं डोकं तसं सुमारच होतं, पण त्या एका विनोदावर त्यांनी दोन उन्हाळे काढले. आणि काकांसारख्या माणसाला तेवढं पुरत होतं. मुंबई सगळ्यांनाच दिसते, त्यात काय मोठंसं, असं ते म्हणायला लागले. मग कुठूनसं त्यांच्या कानावर आलं की परळला कुणीतरी कराची पकडली. वैशाखात समुद्रावरची हवा तापली की तिकडचं चित्र पाण्यावरून घसरत मुंबईपर्यंत येतं, आपलं केंद्र संध्याकाळी सुरू व्हायच्या आधी तासभर मिळतं, नेम तेवढा अचूक हवा.

इथे एक सांगायला हवं. काकी कराचीची. तिचे वडील तिथे गोदीत नोकरीला होते, आणि फाळणीनंतर ती सगळी माणसं बोटीने मुंबईला आली. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. फक्त आमच्याकडच्या आंब्यांना नावं ठेवायची, आणि तीही हळू आवाजात.

काकांनी कराचीचं नाव काढल्याबरोबर घरात सगळ्यांना हुंदके फुटले. आई म्हणाली, बघ, या वयात बायकोला माहेर दाखवायला निघालेत. वडिलांनी चष्मा पुसला. वाडीतल्या बायकाही काकीकडे कौतुकाने बघायला लागल्या. मला हा सगळा गोडवा असह्य झाला. मी काकीलाच विचारलं, काका हे तुझ्यासाठी करतायत का?

काकी तांदूळ निवडत होती. "माझ्यासाठी करायचं असतं," ती म्हणाली, "तर आधी मोरीचा नळ दुरुस्त केला असता."

नळ त्या वेळी वर्षभर गळत होता.

आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या कोळणीच्या नवऱ्याकडून काकांनी होडीवरचा जाडजूड बांबू मिळवला. त्यावर अॅल्युमिनियमच्या नळ्या, मागे मोठ्या, पुढे लहान होत गेलेल्या. पुरी गच्ची त्यात गेली. पापड वाळत घालायला काकीला शेजारच्यांची गच्ची मागावी लागली. काकांनी प्रत्येक नळीची लांबी पुस्तकातून काढली होती, तारेच्या जोडावर मेण ओतलं होतं, पण एवढं धूड उभं कशावर राहणार याचा विचार केलेला नव्हता. ड्रममध्ये विटा भरून त्यांनी बांबू रोवला, तर तो वाऱ्याबरोबर भोवऱ्यासारखा फिरायला लागला. शेवटी काका स्वतःच तो धरून उभे राहायचे. वडील म्हणाले, मी धरतो. काका म्हणाले, दुसऱ्याच्या हाताला अक्कल नसते.

कितीतरी संध्याकाळी नुसता पांढरा कचरा दिसला. काका वर घामाघूम, आम्ही खाली कचऱ्याकडे टक लावून. आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी, हवा अगदी पडलेली असताना, त्या कचऱ्यातून एका बाईचा चेहरा वर आला. आधी डोळे, मग डोक्यावरचा पदर, मग आवाज. ती उर्दूत कुणालातरी रागावत होती. वडील हळूच म्हणाले, "दादा, आलं." मी जिन्यातून वर ओरडले. वरून काका म्हणाले, "हलत नाही आता मी."

वाडीत बातमी कशी पसरली कोण जाणे, पण बघता बघता खोली भरली. वकीलही आले, आणि आल्याबरोबर पुढच्या खुर्चीवर बसले. काकी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. जिच्या नावाने सगळ्यांनी महिनाभर डोळे टिपले होते, तिला वाट करून द्यावी असं त्या खोलीतल्या एकालाही सुचलं नाही. मी माणसांच्या पायांवर पाय देत एक स्टूल वकिलांच्याही पुढे नेऊन ठेवलं आणि तिला बसवलं. वकिलांनी मान वाकडी केली. केली तर केली.

ते एक कौटुंबिक नाटक होतं. अंगण, बाज, पत्र्याची ट्रंक, सासू आणि सून. काका बोटभर हलले तरी सगळं पुसलं जायचं आणि वडील खिडकीतून ओरडायचे, मग चित्र परत यायचं. लोक अर्धंमुर्धं समजून घेत होते. सासूने काहीतरी म्हटलं आणि काकी एकटी हसली. तो शब्द बाकी कुणाला कळलाच नव्हता. वकिलांनी विचारलं, काय म्हणाली? काकीने सांगितलं नाही. इतक्या वर्षांत तिला असं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्या वेळी तिचा नवरा वर गच्चीवर भिंतीकडे तोंड करून बांबूला मिठी मारून उभा होता.

नाटक संपलं. मधल्या वेळात एक रस्ता दाखवला. खजुराची झाडं, एक उंटाची गाडी, मागे समुद्राची करडी रेघ. काकी पुढे झुकली. तिने बोटाने पडद्याच्या कडेला काहीतरी दाखवलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पडदा थरथरला. आपलं केंद्र सुरू झालं होतं. उंटाची गाडी विरघळली आणि तिच्या जागी एक गृहस्थ भातावरच्या किडीसाठी कुठलं औषध फवारावं ते सांगायला लागले. त्यांचं चित्र दुहेरी होतं. वकील "छान, छान" म्हणत उठले आणि त्यांच्यामागून सगळे गेले.

काका खाली आले तेव्हा त्यांचे तळवे लाल झाले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. पडद्यावरच्या किडीकडे बघत ते थोडा वेळ उभे राहिले. मग जेवायला बसल्यावर त्यांनी काकीला विचारलं, काय काय दिसलं. तिने त्यांना सबंध नाटक सांगितलं. सासू कशी, सून कशी, ट्रंकेत काय होतं. काका आमटी भुरकत ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

"आणि कराची?"

"दिसली थोडी. एक रस्ता होता."

"कुठला?"

"ओळखता नाही आला."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "जन्मलीस तिथे, आणि एक रस्ता ओळखता येत नाही?"

"जन्मले तिथे," काकी म्हणाली. "जन्म गेला इथे. भात वाढू?"

मला काकांची कीव आली असती, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी वडिलांना गच्चीवर नेऊन बांबू धरायला लावला आणि स्वतः टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसले. काही दिसलं नाही. हवा बदलली होती, वारा सुटला होता. काका म्हणाले, तू वाकडा धरतोस. वडील म्हणाले, मग तूच धर. दोघे भाऊ, साठीच्या घरातले, त्यावरून पुढे गणपतीपर्यंत बोलले नाहीत. दोघांमधले निरोप मी पोचवायचे, त्याची सवय मला जिन्यात झालेलीच होती.

कराची पुन्हा आली नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काकांचा रस पाणी उपसायच्या पंपांकडे वळला, आणि त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. वडिलांनी शेवटी दुकानातून एक साधी अँटेना आणली आणि बातम्या देणारी एका नाकाची झाली.

पण काका ती संध्याकाळ सांगत राहिले, मरेपर्यंत. येईल त्या पाहुण्याला सांगायचे. सुरुवातीला ते "दिसलं म्हणे" असं म्हणत. मग "म्हणे" गळलं. मग ते स्वतःच खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी नाटक पाहिलं होतं, सासूचा राग पाहिला होता, उंटाच्या गाडीच्या घुंगरांचा आवाजही ऐकला होता. एकदा एक वयस्कर सिंधी गृहस्थ घरी आले होते. त्यांनी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, रस्ता कुठला होता? काकांनी क्षणभरही न थांबता बंदर रोड असं ठोकून दिलं. कुठेतरी वाचलं असणार. त्या गृहस्थांचे डोळे भरून आले.

मी आणि काकी आत चहा गाळत होतो. मी तिच्याकडे पाहिलं.

"बंदर रोडच होता?" मी विचारलं.

"नाही," काकी म्हणाली. तिने कपबश्या ट्रेमध्ये मांडल्या आणि बाहेर घेऊन गेली.