संत्र्याच्या वासाचं तेल

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. पंधरा वर्षं तिचं काम एकच. वाळवलेलं शेवाळ कुटायचं, हेक्झेन नावाच्या रसायनात भिजवायचं, त्यात तेल उतरलं की हेक्झेन तापवून उडवायचं आणि चंबूत उरलेलं तेल तोलायचं. या तेलावर म्हणे गाड्या धावणार होत्या. कधी, ते देवच जाणे!

वाफ ओढणारा पंखा कायमचा बिघडलेला. तक्रार केली की साहेब लोकांचं ठरलेलं उत्तर, "बघू." बघू बघू करता मावशीचे पाय बधिर झाले. परवा बाजारातून आली तर लेक म्हणाली, "आई, अगं एक चप्पल कुठाय?" चप्पल वाटेत गळून पडली आणि बाईला पत्ताच नाही! डॉक्टर म्हणाले, हेक्झेन सोडा, नाहीतर बधिरपणा वर चढत जाईल. सोडा म्हणे! घर कोण चालवणार, डॉक्टर?

म्हणून तेलाचे प्रयोग चालवणाऱ्या सरांनी हेक्झेनऐवजी संत्र्याच्या सालीचा अर्क वापरायला आणला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आणि पहिल्याच खेपेला काय! हेक्झेनने शंभर ग्रॅम शेवाळातून अठरा ग्रॅम तेल निघायचं, अर्काने तेवीस. सर हवेतच. "मावशी, सोमवारपासून हेक्झेन बंद!"

ते गेल्यावर मावशीने चंबू हुंगला. तेलाला संत्र्याचा वास येत होता. म्हणजे अर्क पुरता उडालाच नव्हता, तेलाच्या वजनात तोही धरला गेला होता. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती स्टुलावर बसून राहिली. फार दमली होती. "एकदा तरी गप्प बस ना गं," ती स्वतःलाच म्हणाली. मग स्वतःवरच चिडत उठली आणि चंबू पुन्हा तापत ठेवला. दर तासाला तोलला. वजन उतरत उतरत सोळावर थांबलं. तिने वहीत सोळा लिहिलं आणि तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही पाहिली. मग ती मिटून टेबलावर ठेवली.

"मग तूर्त हेक्झेनच, मावशी. दुसरा इलाज नाही."

"माहितीये, सर."

तिने हातमोजे चढवले आणि फळीवरून हेक्झेनचा डबा काढायला गेली. भरलेला डबा हातातून निसटला आणि थेट तिच्या पायावर आपटला. सर ओरडतच धावले.

"मावशी! लागलं का?"

"थांबा," मावशी म्हणाली, "बघून सांगते."