जोमाकाकांचा थंड पाय

जोमाकाकांबरोबर रोडपालीच्या रस्त्यानं चालायचं म्हणजे माणसाच्या संयमाची परीक्षा. जरा पुढे गेलं की स्वारी थांबलीच. कुणाच्या दारातल्या अळूची चौकशी, कुणाच्या कुत्र्याला दम, नाहीतर उभ्याउभ्या बिल्डरांचा उद्धार. "इथं आमचा मिठागर होता ना बाय, तवा डोला दिपायचा!" असं म्हणत पोटरी चोळायची. मी त्यांची नवी भाडेकरू. मला वाटायचं, काय हा गप्पिष्ट माणूस! पोटरीत पेटके येतात म्हणून ते गप्पा काढतात, हे फार उशिरा कळलं. मिठागरात अनवाणी जन्म काढलेल्या माणसाला पाय दुखतोय म्हणायची लाज वाटायची. आता मी त्याच रस्त्यानं भरभर जाते, कुणी थांबवत नाही, आणि तेच सोसवत नाही.

काकांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून कडक झाल्या होत्या. विड्यांनी आपलं काम चोख बजावलं होतं. डॉक्टरांनी मांडीतली शीर काढून तुंबलेल्या वाहिनीला वळसा घालून जोडली. काका घरी आले ते नवरदेवाच्या तोऱ्यात. "पाट तुंबला, त्यानी बाजूनं दुसरा काडला. त्यात काय!" मग असे चालायला लागले की मलाच धाप लागायची. विडी मात्र चोरून चालूच. मी ओरडले की म्हणायचे, "तू भाडेकरू हायस का माजी सासू?"

काही वर्षं सुखाची गेली. मग ती जोडलेली शीरही कडक झाली. थंडीच्या दिवसांत काकांचा पाय बर्फासारखा गार पडायचा आणि काकींचा जीव कासावीस व्हायचा. मिठागरवाल्यांच्या घरात मिठाचा मान देवाच्या खालोखाल. दात दुखला, मीठ. दृष्ट लागली, मीठ. पाय मुरगळला, मीठ. काकींनी तव्यावर जाडं मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि काकांचा पाय मांडीवर घेऊन शेकत बसल्या. त्या पायाला चटका कळतच नव्हता. "बरा वाटताय गो," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी टाचेवर हा एवढा फोड! रक्तच पोचत नव्हतं, मग जखम भरणार कशी? हळूहळू बोटं काळी पडली.

दवाखान्यात मी सोबत गेले होते. काकी बाहेर बाकावर पिशवी कवटाळून बसल्या होत्या. पाय बघून डॉक्टर भडकलेच. "शेक कोणी दिला? अशा पायाला शेक द्यायचा नसतो, सांगितलं होतं ना?"

"मीच तापल्या पत्र्यावर पाय टेकला," काका पटकन म्हणाले. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं मनगट दाबलं.

गुडघ्याखाली पाय कापावा लागणार, हे ऐकून म्हातारा रडला नाही. बाहेर येताना मला एवढंच म्हणाले, "बाय, तिला कलता कामा नाय. माजा पाय गेला तं गेला, तिच्या जीवाला घोर नको."

मी शब्द दिला. तो पाय कापला, आणि पुढे दुसराही गार पडायला लागला. एकदा मी त्यांच्याकडे गेले तर काकी गॅसवर तवा चढवत होत्या, शेजारी मिठाची बरणी. काकांनी शांतपणे हाक मारली, "नको गो. मना आता गरम सोसत नाय. तुजा हातच ठेव."

काकी तवा उतरवून आल्या. तेव्हापासून रोज त्या काकांचा पाय दोन्ही हातांत धरून बसायच्या, आणि काका डोळे मिटून मिठागराच्या गोष्टी सांगायचे. असं प्रेम मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही. एका दुपारी तसेच बसलेले असताना काका गेले. बराच वेळ काकींना कळलंच नाही. पाय काय, आधीपासूनच गार होता.

तेराव्यानंतर काकी माझ्याकडे आल्या. चहा घेईनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, मग म्हणाल्या, "त्यानी नको बोलला आन मी ऐकला. चुकलाच माजा. त्या दिशी मिठानं शेकला असता, तं वाचला असता का गो बाय?"

खरं सांगितलं असतं तर हा सल तिथल्या तिथे निघाला असता, आणि त्याच्या जागी दुसरा, मरेपर्यंत न निघणारा रुतला असता. मी त्यांचे हात हातात घेतले.

"नाही हो काकी. तुमची शपथ. त्यांना तुमचा हातच हवा होता."